पेटीत आधीच

केप्याच्या कॉलेजातली मुलगी वही घेऊन दुकानात आली,
स्टुलावर बसली, म्हणाली,
काका, एवढ्या सगळ्यांत हीच सिस्टिम जिंकली कशी?
वहीत तिनं शीर्षक आधीच लिहिलं होतं: लढाई.

बाय, मी तिथंच होतो.
कुडचड्याच्या ह्याच गल्लीत, मासळीच्या शेडीमागं,
आठ बाय दहाच्या खोलीत, हातात स्क्रूड्रायव्हर.
लढाईचा आवाज मी ऐकला नाही.

आधी काळा पडदा होता.
खाणीच्या काट्यावर कुष्टा वेळीप बसायचा,
ट्रक चढला की चार अक्षरं ठोकायचा, न बघता,
जशी अंधारात कुणी आपल्याच दाराची कडी काढतं.
पावती निघायची करकरत, तिच्यावर मातीचा तांबडा अंगठा.
कुष्टाला कुणी खिडकी दिली नव्हती,
त्यानं मागितलीही नव्हती.

मग फाउस्टो कुलासो बहारीनहून परतला,
बिस्किटांच्या डब्यात वीस-बावीस फ्लॉप्या घेऊन.
ही दुसरी, म्हणाला, ही मरत नाही, मयेकार.
खरं होतं. शिरोडकरांच्या फार्मसीत घातली,
आठ महिने एकदाही कोसळली नाही.
प्रिंटर मात्र तिला ओळखत नव्हता.
आठ महिने शिरोडकर हातानं बिलं लिहीत राहिले
एका न मरणाऱ्या यंत्राशेजारी बसून.
नवव्या महिन्यात म्हणाले,
तें काड. बँकेंत आसा तें घाल.

मला तेव्हा हट्ट होता. विचारत सुटलो.
बँकेचा मॅनेजर म्हणाला, आमचा ऑडिटर तेच वापरतो.
ऑडिटर मडगावचा. तो म्हणाला,
माझी गिऱ्हाइकं ट्रकवाली, त्यांच्याकडे तेच.
ट्रकवाल्यांच्या हापिसात पान लावत बसलेला बाबुसो म्हणाला,
आमकां कितें कळटा? मयेकारान घालें.

मयेकर म्हणजे मी.
त्या रात्री शटर आतून ओढलं आणि तसाच बसून राहिलो.

कारण माझ्याकडे एकच सीडी होती,
वर स्केचपेननं पंचवीस अक्षरांचा नंबर.
तो अजून पाठ आहे;
लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते.
सावर्ड्यापासून सांग्यापर्यंतची यंत्रं
त्या एकाच नंबरावर जागी व्हायची.
दीडशे रुपये घ्यायचो. बाबुसोनं बांगडे दिले होते.
ज्यांचा माल, त्यांना दूर कुठं तरी हे माहीत असणार.
कुणी हटकायला आलं नाही.
चोरच घरोघर सवय पोचवत असेल
तर मालक कशाला कुत्रं सोडील?
पुढं यंत्रं यायला लागली ती पोटात ती घेऊनच,
किंमत आतच धरलेली.
माझ्या सीडीची भूक संपली.

शेजारी कायतान मेस्त होता.
जुन्या घरांच्या खिडक्या करायचा, शिंपल्यांच्या.
ऊन त्यांतून निवून यायचं, दुधासारखं.
काच ह्याहून बरी का रे, मी एकदा विचारलं.
रंधा न थांबवता म्हणाला,
बरी न्हय. चौकटीसकट येता.

बस. हवं तर एवढंच लिही, बाय.

फाउस्टोच्या फ्लॉप्या अजून डब्यात आहेत, चौदावी सोडून.
आणि काट्यावरचा तो काळा पडदा
खाणी बंद झाल्या त्या संध्याकाळीही चालूच होता,
ट्रक नाही, धूळ नाही, कर्सर तेवढा लुकलुकतोय.
कुष्टा त्याला बंद करायला विसरला,
की धजला नाही, कुणास ठाऊक.

मुलगी लिहीत नव्हतीच.
फोन समोर धरून माझं बोलणं टिपत होती.
ह्यात कुठली गं, मी विचारलं.
तिनं फोन उलटा करून पाहिला,
जणू पाठीवर कुठं लिहिलेलं असेल.
काय माहीत, म्हणाली.
पेटीत आधीच होती.